शस्त्रक्रियेनंतरचें पथ्य आणि घरच्यांचें कर्तव्य

घरांतलें कोणी रुग्णालयांतून परत आलें म्हणजे दारांत भाकरतुकडा ओवाळून टाकावा, देवापुढें साखर ठेवावी आणि आजार संपला असें समजावें, अशी आपली रीत आहे. मोतीबिंदूच्या किंवा आंत्रपुच्छाच्या बाबतींत ही समजूत बहुतांशीं खरीहि ठरते. परंतु हल्लीं एक शस्त्रक्रिया अशी प्रचारांत आली आहे कीं, रुग्ण घरीं येतो त्या दिवशीं तिचा उपचार संपत नाहीं, तर सुरू होतो. आणि तो शस्त्रवैद्याच्या हातीं नसून रुग्णाच्या व त्याच्या स्वयंपाकघराच्या हातीं असतो. अतिस्थूल मनुष्याचें वजन उतरावें म्हणून जठर लहान करण्याची जी शस्त्रक्रिया करतात, तिच्याविषयीं मी बोलत आहें. आमच्या घरीं, साताऱ्यास, ती माझ्या धाकट्या बंधूंवर साडेचार वर्षांपूर्वीं दसऱ्यानंतर झाली. तेव्हांपासून आम्हांला जें कळलें, आणि त्यांतलें जें फार उशिरां कळलें, तें वाचकांपुढें ठेवावें या हेतूनें हा लेख लिहीत आहें. मी वैद्य नव्हें. सारा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलेला मास्तर आहें. येथें वैद्यकाविषयीं जें येईल तें बंधूंच्या डॉक्टरांनीं समजावून दिलेलें व मीं मागाहून वाचून पडताळलेलें आहे. ज्याचें त्याचें पथ्य मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनींच ठरवावें, हें आरंभींच सांगून ठेवतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लठ्ठपणा म्हणजे निव्वळ खादाडपणाचें फळ, असें आपण सर्रास बोलतों. आपल्या जुन्या आचार्यांचें मत इतकें उथळ नव्हतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ निंद्य शरीरांमध्यें अतिस्थूल व अतिकृश या दोघांची गणना केली आहे. तेथें स्थौल्याचीं कारणें सांगतांना अति आहार, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोंप यांच्या जोडीला बीजस्वभावहि सांगितला आहे. म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म. शिवाय, कृशापेक्षां स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड, असाहि त्या आचार्यांचा अभिप्राय आहे. आजचें वैद्यक हेंच निराळ्या शब्दांत सांगतें. वजन उतरूं लागलें कीं शरीराला तो दुष्काळ वाटतो. भूक वाढते, ऊर्जेचा खर्च आंखडतो, आणि गमावलेलें वजन परत मिळविण्याची खटपट शरीर आपण होऊन करूं लागतें. इच्छाशक्तीनें दहा किलो उतरविलेला मनुष्य दोन वर्षांत बारा किलो वाढवून बसतो, तो नेहमींच बेशिस्त असतो असें नाहीं. आमचे बंधु तीन वेळां असें उतरून चढले होते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. १९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर आदि शस्त्रवैद्यांनीं लहान आंतड्याचा मोठा भाग वगळून वजन उतरविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. परंतु त्यानें अतिसार व यकृताचे विकार जडत, म्हणून ती रीत पुढें मागें पडली. आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांच्या ध्यानांत आलें कीं, अल्सरसाठीं ज्यांच्या जठराचा भाग काढला आहे त्यांचें वजन सहसा वाढत नाहीं. या निरीक्षणावरून त्यांनीं व चिकाशी इटो यांनीं १९६६ सालीं जठर वगळण्याची, म्हणजे 'गॅस्ट्रिक बायपास'ची, पहिली शस्त्रक्रिया केली. १९९४ पासून ती पोटाला लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साहाय्यानें होऊं लागली. आज मुख्यतः दोन प्रकार चालतात. 'स्लीव्ह' नांवाच्या प्रकारांत जठराचा सुमारें तीन चतुर्थांशांहून अधिक भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवतात. बायपासांत जठराच्या वरच्या टोंकाला सुमारें ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची, एक लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आंतड्याला जोडतात. या दोन्हींत केवळ जागा कमी होते असें नव्हे, तर भूक व तृप्ति यांचे शरीरांतील निरोपहि बदलतात. जठरांतून निघणारा 'घ्रेलिन' हा भुकेचा संप्रेरक जपानांतील कोजिमा व कांगावा यांनीं १९९९ सालीं शोधून काढला. स्लीव्हनंतर तो बराच कमी होतो, असें आढळलें आहे.

मग प्रश्न असा कीं, इतकें सगळें झाल्यावर माणसाला स्वतःकडून करण्याजोगें उरतें काय? याचें उत्तर स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासांत सांपडतें. १९८७ सालीं सुरू झालेल्या या अभ्यासांत शस्त्रक्रिया झालेले दोन हजारांवर रुग्ण व तितकेच साधे उपचार घेणारे लोक वर्षानुवर्षें पाहण्यांत आले. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्यें मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें, ही मोठीच जमेची बाजू. वजनाविषयीं असें दिसलें कीं, बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनीं उतरलें. दहा वर्षांनीं मूळ वजनापेक्षां तें २५ टक्क्यांनीं कमी होतें. म्हणजे लाभाचा मोठा भाग टिकतो, थोडा परत जातो. सरासरी म्हटली कीं कोणी तिच्या वर, कोणी खालीं असणारच. कोण कोठें राहील यांत प्रकृतीचा वांटा आहे. तसा ताटाचा, चालण्याचा आणि घरच्यांच्या वागणुकीचाहि आहे. शेवटचा वांटा आम्हीं बराच काळ हिशेबांत धरलाच नव्हता.

बंधूंचें वय तेव्हां ५१, उंची साडेपांच फूट आणि वजन १२८ किलो. मधुमेहाच्या गोळ्या वाढत चालल्या होत्या. झोपेंत श्वास अडके, म्हणून रात्रीं नाकावर यंत्र लावून निजावें लागे. बँकेचा एक जिना चढतांना दोनदां थांबावें लागे. पुण्यास बायपास झाली व चौथ्या दिवशीं ते घरीं आले. पहिले दोन आठवडे केवळ पातळ अन्न: मुगाचें गाळलेलें कढण, पातळ ताक, दूध. पुढें घोटलेलें, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनीं साधें अन्न, असा क्रम डॉक्टरांनीं लिहून दिला होता. एका वेळीं चार-सहा चमचे पोटांत जात. एवढेंसें वाढायचें कशांत, असा प्रश्न पडला तेव्हां आमच्या कुटुंबानें कपाटांतून बंधूंच्याच उष्टावणाची चांदीची वाटी काढली. आईनें ती जपून ठेविली होती. पन्नाशी उलटलेला मनुष्य त्या वाटींतून चिमुकल्या चमच्यानें कढण घेत बसला, हें पाहून घरांतलीं मुलें हसलीं, बंधूहि हसले. पण विचार केला तर तें खरोखरच दुसरें उष्टावण होतें. खाणें पुन्हां पहिल्यापासून शिकावयाचें होतें.

बंधु शिकत होते. मी शिकलों नव्हतों. सातव्या महिन्यांत अक्षय्य तृतीया आली. पानावर हापूसचा रस होता. बंधूंनीं वाटीवर हात आडवा धरला आणि म्हणाले, "दादा, मला नको." मी म्हटलें, "अरे, वर्षाचा सण. एका वाटीनें काय होतें?" पुन्हां 'नको' म्हणाले, मीं पुन्हां आग्रह केला. माझ्याहून पंधरा वर्षांनीं लहान, वडील गेल्यावर माझ्याच हाताखालीं वाढलेले. त्यांनीं माझा शब्द मोडला नाहीं. पंधरा मिनिटांत त्यांना दरदरून घाम सुटला, छातींत धडधडूं लागलें, पोटांत कळा आल्या, दोनदां शौचास जावें लागलें, आणि तासभर ते डोळे मिटून पडून राहिले. घाबरून डॉक्टरांना दूरध्वनि केला तेव्हां कळलें कीं, या प्रकाराला 'डंपिंग' म्हणतात. जठराचा नेहमींचा अडसर नसल्यामुळें साखर एकदम आंतड्यांत उतरते, तिच्यामागें शरीरांतलें पाणी तिकडे धांवतें, आणि हा सारा गोंधळ होतो. कांहींना एक ते तीन तासांनीं याची दुसरी फेरी येते: साखरेला उत्तर म्हणून शरीर इन्सुलिन अधिक सोडतें आणि रक्तशर्करा फार उतरून हातपाय थरथरतात. बंधूंना संध्याकाळपर्यंत बरें वाटलें. मला मात्र बरें वाटण्यास बरेच दिवस लागले. प्रेमाच्या नांवाखालीं मीं स्वतःची हौस त्यांच्या ताटांत वाढली होती.

आग्रह हा आपल्या पंगतीचा अलंकार मानला जातो. ज्या काळीं दोन वेळचें पोटभर अन्न हीच चैन होती, त्या काळीं पाहुण्यानें संकोचानें उपाशी उठूं नये म्हणून आग्रह हें सौजन्य होतें. आज ज्याला अन्नाची वाण नाहीं, उलट कमी खाणें हेंच ज्याचें औषध आहे, त्याला आग्रह करणें म्हणजे मधुमेह्याच्या औषधाची बाटली फेंकून देण्यासारखें आहे.

आतां पथ्याकडे वळूं. आमच्या घरीं तें सहा नियमांत बसविलें आहे.

पहिला नियम प्रथिनांचा. वजन उतरतांना चरबीबरोबर स्नायूहि झिजतात. ते राखण्यास दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनें लागतात. शाकाहारी घरांत, आणि तेंहि मूठभर अन्नांतून, एवढीं प्रथिनें मिळविणें सोपें नाहीं. अर्धा लिटर दुधांत सुमारें १६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरांत सुमारें १८, घट्ट वरणाच्या किंवा उसळीच्या वाटींत सहा-सात ग्रॅम, असा हिशेब मांडावा लागतो. चक्का (साखर न घातलेला), मुगाचें धिरडें, सोयाबीन हीं उपयोगीं पडतात. आरंभीं आहारतज्ज्ञांनीं प्रथिनांची पूडहि दिली होती. मुख्य गोष्ट वाढण्याच्या क्रमाची. आपलें जेवण वरणभातानें सुरू होतें. लहान पोट भातानेंच भरलें तर पुढच्याला जागा कोठून? म्हणून आमच्याकडे उसळ, घट्ट वरण किंवा पनीर प्रथम, मग भाजी-कोशिंबीर, आणि जागा उरली तर अर्धा फुलका किंवा दोन घांस भात.

दुसरा नियम चावण्याचा. घांस लहान, सावकाश चावलेला. दोन घांसांमध्यें चमचा खालीं ठेवावा. वीस ते तीस मिनिटें जेवणास द्यावीं. छातीखालीं दाब वाटूं लागला किंवा उचकी आली कीं तेथेंच थांबावें. पुढचा एक घांस उलटीला निमंत्रण देतो. जेवतांना मौन पाळण्याचा आपला जुना नियम येथें फार कामास येतो, आणि दूरदर्शनापुढें ताट घेऊन बसण्याची नवी चाल तितकीच घातक ठरते.

तिसरा नियम पाण्याचा. चरकाचार्यांनीं पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रवास व एक दोषांच्या संचारास मोकळा ठेवण्यास सांगितलें आहे. येथें पोटच इतकें लहान कीं, घन आणि द्रव यांना एका वेळीं आंत घेतां येत नाहीं. जेवतांना पाणी पिऊं नये. जेवणानंतरहि अर्धा तास थांबावें. मात्र दिवसभरांत घोट घोट करून दीड-दोन लिटर पाणी पोटांत गेलेंच पाहिजे. जेवणाच्या शेवटीं ताक पिण्याची आमची संवय यामुळें मोडली. ताक आतां दुपारीं चार वाजतां होतें.

चौथा नियम गोडाचा, विशेषतः पातळ गोडाचा. लहान पोट घन अन्नाला अडवितें. पण सरबत, आइस्क्रीम, बासुंदी, साखरेचा चहा यांना अडवीत नाहीं. पोट न भरतां हे पदार्थ आंत उतरत राहतात आणि वजन परत येण्याची वाट यांतूनच मोकळी होते. चिवडा, शेव, खारी, बिस्किटें यांचीहि तीच गत. तोंडांत विरघळतात, थोडथोडे म्हणून दिवसभर चालतात, आणि 'मी तर कांहींच जेवत नाहीं' असें म्हणतां म्हणतां वजन चढतें.

पांचवा नियम गोळ्यांचा, आणि तो जन्मभराचा. बायपासनंतर अन्न आंतड्याच्या ज्या भागाला वगळून जातें, त्याच भागांत लोह व कॅल्शियम मुख्यतः शोषलीं जातात. ब-१२ जीवनसत्त्वाला जठराच्या स्रावांची गरज असते. तेहि कमी पडतात. त्यांतून आपण शाकाहारी, म्हणजे ब-१२ चा आधार एकटें दूध-दहीं. म्हणून बहुजीवनसत्त्वें, ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व हीं डॉक्टर सांगतील त्या मापानें घेत राहावें आणि निदान वर्षांतून एकदां रक्त तपासावें. लोह व कॅल्शियम एकत्र घेऊं नयेत, दोन तासांचें अंतर ठेवावें. लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळींच नको. उलट्या सुरूच राहिल्या तर घरगुती उपायांत दिवस दवडूं नयेत. ब-१ जीवनसत्त्व थोड्याच आठवड्यांत संपून मज्जातंतूंना इजा होऊं शकते. गुडघा दुखतो म्हणून दुकानांतून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी आणणें बायपास झालेल्यास व्रणाचें कारण होतें. तंबाखूचें तेंच. मद्य तर अशा शरीरांत फार लवकर चढतें, आणि त्याची चटकहि लागण्याचा धोका वाढतो.

सहावा नियम उपवासाचा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार हे आपल्या घरांतले उपवास. आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनें नांवालाच. दिवसभर निराहार राहून रात्रीं एकदम खाणें तर याहून वाईट. आपलीं धर्मशास्त्रें बालांना, वृद्धांना व आतुरांना व्रतनियमांत सवलत देतात. बंधु आतां एकादशीला दूध, दहीं, पनीर व थोडे भाजलेले शेंगदाणे घेतात आणि सायंकाळीं विठ्ठलाच्या देवळांत पायीं जाऊन येतात. माझ्या मतें व्रतांत कांहींहि उणें राहिलें नाहीं.

हे नियम पहिलें दीड वर्ष निष्ठेनें चालले. वजन ८४ किलोवर आलें, रात्रीचें यंत्र सुटलें, मधुमेहाच्या गोळ्या चारांवरून एकीवर आल्या. भेटेल तो कौतुक करी. अडचण आली ती पुढेंच. कौतुक किती दिवस चालणार? नवें शरीर लोकांच्या अंगवळणीं पडलें, आणि बंधूंच्याहि. भूक हळूहळू परत आली. गोळ्या 'आतां कशाला' म्हणून सुटल्या. बँकेंत संध्याकाळच्या चहाबरोबर चिवड्याची पुडी सुटूं लागली. वजनाचा कांटा पलंगाखालीं गेला. पुण्याची तपासणी 'पुढच्या महिन्यांत' म्हणतां म्हणतां वर्षभर राहिली. चौथ्या वर्षाच्या आरंभीं पायांना मुंग्या येऊं लागल्या, थकवा वाटूं लागला, तरी ते कोणास बोलले नाहींत. एके दिवशीं आमच्या भावजयीनें पलंगाखालचा कांटा ओढून काढला व त्यांना बळेंच उभें केलें. ९३ किलो.

त्या रात्रीं मीं जें केलें तें सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितलें पाहिजे. मीं त्यांना समोर बसवून अर्धा तास उपदेश केला: एवढा खर्च, एवढी जोखीम, आणि शेवटीं जिभेवर ताबा नाहीं! ते खालीं मान घालून ऐकत राहिले. शेवटीं एवढेंच म्हणाले, "दादा, मी नापास झालों असें तुम्हांला आज वाटतें, मला तें रोज वाटतें. म्हणूनच मी डॉक्टरांकडे जात नाहीं." माझ्याजवळ उत्तर नव्हतें. नापासाच्या भीतीनें शाळा चुकविणारीं किती मुलें मीं पाहिलीं होतीं! त्यांना छडीनें परत आणतां येत नाहीं, हें ठाऊक असूनहि घरांत मीं छडीच उचलली.

आठ दिवसांनीं मी स्वतः त्यांच्याबरोबर पुण्यास गेलों. डॉक्टर रागावले नाहींत. ते म्हणाले, तळ गांठल्यानंतर थोडें वजन परत येणें हें अपेक्षितच असतें. तें जितक्या लवकर सांगाल तितकें आवरणें सोपें. रक्तांत ब-१२ फारच कमी निघालें. यकृतांतला सांठा कांहीं वर्षें पुरतो, म्हणून गोळ्या सोडल्याचें पाप उशिरां उघडकीस येतें, आणि फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानि भरून निघत नाहीं. आम्ही वेळेंत होतों. इंजेक्शनें सुरू झालीं. मुंग्या जाण्यास चार-पांच महिने लागले. आवश्यकता पडली तर हल्लीं भूक कमी करणारीं औषधेंहि देतां येतात, असें डॉक्टरांनीं सांगितलें. बंधूंना तीं लागलीं नाहींत.

उत्साह टिकविण्याविषयीं तेथील आहारतज्ज्ञ बाईंनीं ज्या गोष्टी सांगितल्या त्या साध्या होत्या, आणि साध्या होत्या म्हणूनच चालल्या. एक, खाण्यापूर्वीं वहींत लिहावें, खाल्ल्यावर नव्हे. लिहितां लिहितां निम्मा चिवडा आपोआप राहतो. दोन, वजन आठवड्यांतून एकदां, ठरल्या दिवशीं व ठरल्या वेळीं करावें. रोजच्या चढउतारानें मन उगाच खट्टू होतें. आणि कांटा पलंगाखालीं लपवूं नये. तीन, यशाचें माप एकट्या कांट्यावर ठेवूं नये. कांटा एके ठिकाणीं थांबतोच. तेव्हां देहाला काय करतां येऊं लागलें हें पाहावें. बंधूंनीं अजिंक्यताऱ्याचें माप घेतलें. शस्त्रक्रियेपूर्वीं ते गडाच्या पायथ्यापर्यंत रिक्षानें जात. आतां दर रविवारीं गड चढतात, आणि किती वेळां थांबलों तें वहींत टिपून ठेवतात. चार, चालण्याच्या जोडीला आठवड्यांतून दोन-तीनदां स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम असावा. प्रथिनांचा उपयोग तेव्हांच होतो. पांच, ज्यांच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली आहे अशांना भेटत राहावें. त्या रुग्णालयांत दरमहा अशा लोकांची बैठक भरते. तेथें बंधूंना पहिल्यांदा कळलें कीं, कांटा पलंगाखालीं लपविणारे ते एकटेच नव्हते.

यांत मीं माझी एक मास्तरी गोष्ट घातली. हजेरीपटावर एक दिवस गैरहजेरी पडली म्हणून आपण मुलाचें नांव कमी करीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें आलें कीं पुन्हां हजेरी लावतों. पथ्य चुकलें तर पुढच्याच जेवणाला परत यावें. पुढच्या सोमवारपर्यंत किंवा पाडव्यापर्यंत थांबूं नये. बंधूंच्या वहीच्या पहिल्या पानावर आतां 'हजेरीपट' असें लिहिलेलें आहे.

आतां घरच्यांसाठीं दोन शब्द. रुग्णासाठीं वेगळें आणि बाकीच्यांसाठीं चमचमीत, असें दोन चुलींचें घर फार दिवस चालत नाहीं. आमच्याकडे डब्यांतला चिवडा सर्वांसाठींच कमी झाला, रोजच्या आमटींतला गूळ व भाजींतलें तेल आटलें. परिणामीं माझीहि रक्तशर्करा सुधारली. लग्नामुंजीला जातांना यजमानांना आधींच निरोप द्यावा, म्हणजे भर पंगतींत खुलासे करावे लागत नाहींत. रुग्णाच्या देहाविषयीं, 'किती वाळलांत' किंवा 'पुन्हां सुटलांत वाटतें', असे अभिप्राय देऊं नयेत. आणि ज्या घरांत ही शस्त्रक्रिया सुनेवर किंवा मुलीवर झाली असेल तेथें तर अधिक जपावें. आपल्या बायका सर्वांच्या मागून जेवतात व 'अन्न टाकवत नाहीं' म्हणून उरलेलें संपवितात. या एका संवयीनें सारें पथ्य मोडतें. तिचें पान वेळेवर व सर्वांबरोबर मांडावें. तिला लोहाची गरज पुरुषाहून अधिक असते. आणि शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असें डॉक्टर सांगतात. तेव्हां नातवंडाची घाई वडीलधाऱ्यांनीं करूं नये.

यंदाची अक्षय्य तृतीया नुकतीच झाली. बंधूंचें वजन आतां ८८ किलो आहे. ८४ वर तें परत जाईल कीं नाहीं, याची चर्चा आम्ही करीत नाहीं. पानावर त्यांनीं आधीं उसळ खाल्ली, मग कोशिंबीर, आणि शेवटीं आपल्या हातानें आंब्याच्या दोन फोडी घेतल्या. रसाचें भांडें माझ्या हातांत होतें. तें मीं त्यांच्या पानावरून तसेंच पुढें नेलें. आमच्या कुटुंबानें माझ्याकडे पाहिलें, पण कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. पहाटे मींच त्यांना उठविलें व म्हटलें, "चल, गडावर जाऊन येऊं." ते म्हणाले, "दादा, आज पाय जड झाले आहेत." मीं आग्रह केला.

वाचकहो, आग्रह करावयाचाच असेल तर तो असा करावा.